रीड रेप्लिकांवर लोड सारखा का वाटला जात नाही?

तुमची मांडणी अशी दिसते: पोस्टग्रेस डेटाबेसचा एक प्रायमरी (राइट घेणारा मुख्य सर्व्हर) आणि दोन रेप्लिका (फक्त वाचण्यासाठीच्या त्याच्या प्रती), त्यांच्यासमोर राउंड-रॉबिनवर, म्हणजे पाळीपाळीने, काम वाटणारा एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, आणि ॲप व एचएप्रॉक्सीच्या मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे उघडी कनेक्शन साठवून पुन्हा वापरणारा पूल. एका रेप्लिकेचा सीपीयू 90 टक्क्यांवर, दुसरीचा 15 वर. तिसरी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता घेऊ नका. आहे त्या दोघींत काम नीट वाटलं जात नाहीये, तिसरीही तशीच रिकामी बसेल.

एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये क्वेरी वाटत नाही, कनेक्शन वाटतो. कनेक्शन उघडताना एकदा रेप्लिका ठरली की ते बंद होईपर्यंत तीच. पूल तर कनेक्शन उघडी ठेवण्यासाठीच असतो. म्हणून दुसरी रेप्लिका पाच मिनिटं रीस्टार्टला गेली, तर तिची सगळी कनेक्शन पहिलीवर जातात आणि दुसरी परत आल्यावरही तिथेच राहतात.

आधी दोन्ही रेप्लिकांवर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधून (चालू कनेक्शन दाखवणारा पोस्टग्रेसचा व्ह्यू) क्लायंट कनेक्शन मोजा. एकूण किती आणि त्यांतली ॲक्टिव्ह, म्हणजे त्या क्षणी क्वेरी चालवणारी, किती, हे वेगवेगळं.

एकूण आकडाच विषम असेल तर कनेक्शनचं आयुष्य कमी करा. पीजीबाउन्सरमध्ये सर्व्हर_लाइफटाइम, म्हणजे हीच मर्यादा, मुळात 3600 सेकंद असतो. मी 600 ठेवेन. काही सर्व्हिस थेट एचएप्रॉक्सीला जोडत असतील तर त्यांचा पूलही बघा. जावाच्या हिकारी या पूलमध्ये ही मर्यादा मुळात 30 मिनिटं आहे, पण गो भाषेच्या डेटाबेस पॅकेजमध्ये वयाची मर्यादाच नसते, ती स्वतः घालावी लागते.

एकूण आकडा सारखा, पण ॲक्टिव्ह विषम असेल, तर संशय पीजीबाउन्सरवर. तो शेवटी मोकळं झालेलं कनेक्शन आधी वापरतो, त्यामुळे मोजक्याच कनेक्शनवर बहुतेक काम पडतं. मागे एकच सर्व्हर असेल तर हे चांगलंच. मागे दोन असतील तर सर्व्हर_राउंड_रॉबिन 1 करा. हे सेटिंग बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

मग एचएप्रॉक्सीत राउंड-रॉबिनऐवजी लीस्टकॉन (सगळ्यात कमी कनेक्शन असलेल्या सर्व्हरला नवं देणं) लावा, पण स्लोस्टार्टसकट, म्हणजे परत आलेल्या सर्व्हरवर भार हळूहळू वाढवत. नाहीतर नुकत्याच उठलेल्या रेप्लिकेवर सगळी नवी कनेक्शन एकदम येतात, तेव्हा तिची कॅश थंड असते आणि प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाते. 60 सेकंदांपासून सुरुवात करून बघा.

पॅट्रोनी (प्रायमरी पडला तर रेप्लिकेला बढती देणारं साधन) असेल तर एचएप्रॉक्सीचा हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का याची तपासणी, 8008 पोर्टवर रेप्लिका एंडपॉइंटला लावा आणि लॅगची (रेप्लिका प्रायमरीच्या किती मागे आहे त्याची) मर्यादा द्या, उदाहरणार्थ 16 एमबी. ही मर्यादा फार घट्ट नको: प्रायमरीची जी स्थिती पॅट्रोनी तुलनेला घेतो, ती साधारण दर 10 सेकंदांनीच ताजी होते. घट्ट केलीत तर चांगल्या रेप्लिकाही सारख्या आत-बाहेर होत राहतील.

एवढं करूनही एकच रेप्लिका तापत असेल, तर बहुधा रिपोर्टच्या लांब क्वेरी तिथे अडकल्यात. कनेक्शन मोजून वाटणाऱ्याला दोन मिलिसेकंदांची क्वेरी आणि वीस मिनिटांची क्वेरी सारखीच. रिपोर्टसाठी वेगळा पोर्ट आणि ठरलेली रेप्लिका ठेवा. तिथे मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले, म्हणजे क्वेरीसाठी बदल लागू करणं किती वेळ थांबवायचं ते, वाढवा. मूळ 30 सेकंदांवर रिकव्हरीशी (प्रायमरीचे बदल रेप्लिकेवर लागू करण्याशी) टक्कर झाली की लांब क्वेरी रद्द होते. मात्र तो वाढवला की त्या रेप्लिकेचा लॅगही वाढू शकतो, म्हणून तिच्यावर ॲपचे रीड पाठवू नका.

आणि प्रायमरी राइटनेच दमत असेल तर रेप्लिका कितीही वाढवा, उपयोग नाही. प्रत्येक राइट प्रत्येक रेप्लिकेला पुन्हा लागू करावाच लागतो.