मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बधिर राहिलेला पाय आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न (संक्षेपाने): मी साताऱ्याला राहते. 14 महिन्यांपूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील सरकलेल्या गादीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायाचा पंजा वर उचलत नाही, पाऊल बधिर आहे, चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही. सर्जन दर भेटीत "एमआरआय नॉर्मल आहे, तुम्ही मनाला फार लावून घेता" एवढेच सांगतात. एकूण खर्च 2 लाख 80 हजार झाला. दावा लावता येईल का? आणि त्यांच्याकडे जात राहावे का?

उत्तर: कायद्याच्या आधी एक गोष्ट. लघवी अडकणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वकिलाच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

आपल्या पत्रात सर्वाधिक राग डॉक्टरांच्या त्या वाक्याचा आहे आणि तो रास्त आहे; मात्र असे भरपाईचे दावे जेथे चालतात त्या ग्राहक आयोगासमोर त्या वाक्याचे मोल फारसे नाही. शस्त्रक्रियेनंतर दुखणे उरले म्हणजे हलगर्जी झाली, असे न्यायालये मानत नाहीत. डॉक्टर बरे होण्याची हमी देत नाहीत, वाजवी कौशल्य आणि काळजीची देतात. म्हणून आपली बाजू दोन ठिकाणी उभी राहू शकते: दुसऱ्या दिवशी पंजा उचलत नाही असे सांगितल्यावर कोणी पाय तपासला का, नोंद केली का, पुढची तपासणी कधी झाली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी नसेला इजा होण्याचा धोका तसेच शस्त्रक्रियेवाचूनचे पर्याय आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितले होते का. संमतीपूर्वी ही माहिती देणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी छापील इंग्रजी अर्जावर घेतलेली सही ही पुराव्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागदात आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात, तर त्या जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचेच आहे. त्यामुळे लेखी अर्ज याच आठवड्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. केवळ डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही. संपूर्ण इनडोअर केसपेपर, संमतीपत्र, ऑपरेशन नोट, एमआरआयची सीडी आणि विशेषतः नर्सिंग नोट्स मागा. सर्जनची नोंद बहुधा दोन ओळींची असते, तर परिचारिका प्रत्येक पाळीला वेळ टाकून लिहितात. "डावा पाय जड वाटतो अशी तक्रार" अशी एखादी ओळ तेथे सापडली आणि त्याच दिवशीच्या डॉक्टरांच्या नोंदीत ती नसली, तर तोच आपला सर्वांत बळकट पुरावा ठरेल.

त्याचबरोबर दुसऱ्या तज्ज्ञाकडून, शक्यतो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, स्नायूंच्या शक्तीची तपासणी आणि एनसीव्ही-ईएमजी चाचणी (नसा आणि स्नायू विजेचे संदेश नीट वाहतात का हे पाहणारी) करून घ्या. एमआरआय नॉर्मल असणे आणि नस नीट काम करत असणे या एक गोष्टी नव्हेत. प्रत्येक दाव्यात तज्ज्ञांचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटले असले, तरी मणक्याच्या शस्त्रक्रियेत त्यावाचून निभाव लागणे कठीण आहे. दोष कोणाचा, हे लिहून मागू नका; डॉक्टर सहसा व्यवसायबंधूविरुद्ध तसे लिहीत नाहीत. आज काय आढळते आणि ते केव्हापासूनचे दिसते, एवढेच मागा.

मुदतीबाबत गाफील राहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज राहिलेल्या गोव्यातील एका परिचारिकेने नऊ वर्षे वेदनाशामक गोळ्यांवर काढली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण एवढी वर्षे त्रास होत असताना तिने चौकशी करायला हवी होती. आपली लक्षणे तर दुसऱ्याच दिवशी दिसली, तेव्हा मोजणी शस्त्रक्रियेच्या तारखेपासून धरा. "थांबा, बरे होईल" या आश्वासनाने किंवा वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही. विलंब माफीची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. आपल्या हाती साधारण दहा महिने आहेत.

दावा साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच दाखल करता येईल, कारण आता तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणीही तो चालतो. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. पोलिसांत मात्र जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरवरील फौजदारी कारवाईसाठी घोर हलगर्जी दिसावी लागते. महाराष्ट्र वैद्यक परिषद शिस्तभंगाची कारवाई करू शकते, भरपाई देत नाही.

त्याच सर्जनकडे जावे का, याबाबत माझे मत असे की एकदा जावे, सोबत कोणाला तरी न्यावे आणि वाद न घालता "डाव्या पायाचा पंजा उचलता येत नाही, हे केसपेपरवर लिहा" एवढीच विनंती करावी. त्यांनी लिहिले तर नोंद झाली. नाही लिहिले, तर घरी येताच त्याच तारखेचे रजिस्टर्ड पत्र रुग्णालयाला पाठवावे.