अरबी-फारसी वाचता येत नसेल, तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली हस्तलिखितं पाहण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे. तुम्ही संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबादला जाताय आणि लिपी कळत नसताना त्या हस्तलिखितांसाठी वेळ काढावा का, असं विचारलंय. मी जालन्याची. ती लिपी मलाही येत नाही, पण त्या पानांपुढून पाय निघत नाही.

मजकूर सोडा, हात बघा. एकच पान निवडून त्यापुढे थांबा. तिरपा छाटलेला बोरू टेकवला की जो चौकोनी ठिपका उमटतो, तेच या लेखनाचं माप. अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, किती ठिपके उंच हे ठरलेलं, बाकीची अक्षरं त्याच हिशेबात बसवायची. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला या सुलेखनकारानं ही प्रमाणं बांधून दिली. एवढं माहीत असलं की बोरू कुठे वळला, कुठे रुंदावला, हे दिसायला लागतं. ओळींसाठी पुठ्ठ्यावर दोरे ताणायचे, त्यावर कागद ठेवून अंगठ्यानं दाबायचा. शाई न लागता रेघा उठतात. काचेतून जरा तिरकं पाहा, एखाद्या पानावर त्या सापडतील.

बगदादच्याच याकूत अल-मुस्तासिमीनं १२८८ मध्ये लिहिलेलं कुराण या संग्रहात आहे. त्यावर जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब या तिघांच्याही सह्या आहेत. मांडलेलं असेल तर चुकवू नका.

आणि जाण्याआधी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला जाऊन या, खुलताबादच्या वाटेवरच आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करण्याचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एक ताव हातात घ्या. असा कागद खळ लावून दगडानं घोटला की बोरू अडत नाही, शाई फुटत नाही. हे बोटांना कळलं की काचेमागचं पान परकं वाटत नाही.

निजामाच्या काळातले उर्दू-मोडी कागद आपल्याकडे अनेक घरांत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात लोकांनी ते पेट्यांतून काढले, पण पुराव्यापुरतेच. अक्षर म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दुपारी बाराच्या सुमारास लोक वाजणाऱ्या घड्याळाभोवती जमतात, तेवढ्यात हस्तलिखितं निवांत पाहून घ्या.