तोंडाला साबण लावल्यावर काय होतं?

"तोल सुधारायचा व्यायाम करा म्हणता, पण तो करतानाच पडलो तं?"

शुगर असलेल्या ज्येष्ठांकडून हे मी नेहमीच ऐकते. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांनी जरा रागानेच विचारलं. वय 71, मधुमेह 18 वर्षांचा. गांधीसागर तलावाचा रोजचा फेरा चार महिन्यांपासून बंद. काकूंचं म्हणणं, "हट्टीपणा आहे जी, बाकी काही नाही."

मी विचारलं, "काका, आंघोळीत तोंडाला साबण लावता तेव्हा काय होतं?"

ते गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, "नळ धरून ठेवतो. तुम्हाले कसं समजलं?"

काकूंना हे ठाऊकच नव्हतं.

तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय मिळून राबतात. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की भार डोळ्यांवर येतो. डोळे मिटले की झोक जातो. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. काकांची एकदा बडकस चौकातच राहिली होती. म्हणजे भीती खोटी नव्हती. पण बसून बसून मांड्यांतली ताकद गेली आणि पडायचा धोका आणखी वाढला.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी 10 ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉन तंतूने तळपायांना स्पर्श कळतो का ते तपासलं, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. मग फिजिओथेरपिस्टने शिकवलं: स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं लावून 10 सेकंद उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. आठवड्यातून तीन दिवस. मागे खुर्ची हवी, घरात कुणीतरी हवं, पायात मागून पट्टा असलेली चप्पल हवी. इन्सुलिन चालू असल्याने आधी शुगर बघायची. 90च्या खाली असली तर काही खाऊन मगच.

अनवाणी चालल्याने नसा जाग्या होतात, असंही काकांना कुणीतरी सांगितलं होतं. मे महिन्यात, नागपूरच्या गच्चीवर! अशा पायाला चटका कळतच नाही, फोड दिसतो तेव्हा कळतो.

बधिरपणा काही गेला नाही, या व्यायामाने तो जातही नाही. पण दोन महिन्यांनी काकू सांगत होत्या, चहा ठेवला की हे ओट्याशी हजर. दोन बोटं टेकवून उभे राहतात, मग तीही उचलतात. "यांचे सेकंद मोजता मोजता माहं दूध उतू जाते."

आंघोळ मात्र अजून स्टुलावर बसूनच करतात. ते मीच सांगितलंय.