वाचक विचारतात : मालगाडीचे डिझेल इंजिन, हुबेहूब

प्रश्न : माझ्या मुलाने न्यू जर्सीतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून एचओ मापाचे ‘एसडी४०-२’ इंजिनाचे मॉडेल मला आणून दिले आहे. ते हिरव्या-काळ्या रंगाचे असून त्यावर बर्लिंग्टन नॉर्दर्न या कंपनीचे नाव आहे आणि खोक्यावर ‘अचूक प्रतिकृती’ असे छापलेले आहे. ते खरोखर अचूक आहे की नाही, हे मी इथे घरी बसून कसे पडताळावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नये. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने १९७२ पासून जवळजवळ ४,००० एसडी४०-२ इंजिने बांधली. सोळा सिलिंडर आणि ३,००० अश्वशक्ती हे त्यांच्यात समान असले, तरी प्रत्येक रेल्वे कंपनीने आपल्या गरजेप्रमाणे नाक, छप्पर, बोगी (म्हणजे डबा नव्हे, तर चाके आणि अ‍ॅक्सल धरणारा खालचा गाडा), दिवे आणि टाक्या बदलून घेतल्या. त्यामुळे ‘हे एसडी४०-२ अचूक आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘हे अमुक कंपनीचे, अमुक क्रमांकाचे इंजिन अमुक साली असे दिसत होते का’ असे विचारले, तर मात्र उत्तर मिळते. म्हणून सर्वप्रथम केबिनच्या खिडकीखालचा क्रमांक टिपून घ्यावा आणि पुढची सारी तपासणी त्या एकाच इंजिनाच्या छायाचित्रांशी करावी.

क्रमांक शोधायला बसण्यापूर्वी पट्टी घेऊन लांबी मोजावी. मूळ इंजिनाची लांबी एका कपलरपासून (गाडी जोडण्याच्या आकड्यापासून) दुसऱ्या कपलरपर्यंत ६८ फूट १० इंच आहे. एचओ म्हणजे १:८७ या मापात ती सुमारे २४१ मिलिमीटर भरते. एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर तो मॉडेलच्या कपलरचा दोष समजून सोडून द्यावा. पण लांबी २३० च्या आसपास आली, तर ते १९७२ पूर्वीचे साधे ‘एसडी४०’ आहे आणि त्याला नव्याचे नाव दिले आहे, असे खुशाल समजावे. नव्या इंजिनाची चौकट वाढवली गेली, पण वरचे हूड, म्हणजे यंत्रसामग्रीवरचे लांबट झाकण, जवळजवळ तेवढेच राहिले. त्यामुळे दोन्ही टोकांना ओसरीसारखी जी मोकळी जागा उरते, ती या वर्गाची ठळक ओळख होय. ती दिसत नसेल, तर पुढे बघण्याचे कारणच नाही.

जुन्या मॉडेलांत हूडची रुंदीही तपासावी. अथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यांतल्या कित्येक जुन्या मॉडेलांचे हूड प्रमाणापेक्षा रुंद आहे, कारण त्या काळची मोटर आत मावायला दुसरा मार्गच नव्हता. समोरून पाहिले की हूडच्या दोन्ही बाजूंच्या चालण्याच्या पट्ट्या अरुंद दिसतात. हा दोष रंगाने वा जादा सुट्या भागांनी झाकता येत नाही.

त्यानंतर छप्पर पाहावे. मागच्या टोकाला रेडिएटरचे तीन मोठे पंखे एका ओळीत असतात, आणि डायनॅमिक ब्रेक असलेल्या इंजिनाच्या मध्यभागी फुगवटा असून त्यावर आणखी दोन पंखे असतात. डायनॅमिक ब्रेक म्हणजे उतारावर चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरांकडून जनित्राचे काम करवून घेऊन गाडी आवरणे. डोंगराळ मुलखात याला पर्याय नव्हता. मिसूरी पॅसिफिकसारख्या बहुतांशी सपाट मुलखातल्या कंपनीने मात्र आपली बरीच इंजिने त्याविनाच घेतली. त्यामुळे मिसूरी पॅसिफिकच्या निळ्या रंगात पाच पंख्यांचे मॉडेल दिसले, तर क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कारखानदार एकच साचा सगळ्या रंगांसाठी वापरतो, ते इथे उघडे पडते.

नाकाचेही तसेच आहे. समोरचे ठेंगणे हूड काही कंपन्यांनी लांब करवून घेतले, कारण त्यात गाडीच्या मध्ये जोडलेल्या इंजिनांना रेडिओने चालवण्याची सामग्री ठेवायची होती. सदर्न आणि नॉरफोक अँड वेस्टर्न यांनी तर हे हूड केबिनच्या उंचीइतके उंच ठेवले. आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची सवय असलेल्या डोळ्यांना ती इंजिने चटकन आपली वाटतात. सदर्न पॅसिफिक आणि रिओ ग्रँडे यांच्या ‘टनेल मोटर’ प्रकाराची चौकटही निराळी आहे. बोगद्यात छताशी साठलेली तापलेली हवा रेडिएटरने ओढू नये, म्हणून त्याची हवा घेण्याची जाळी खाली, चालण्याच्या पट्टीच्या पातळीवर आणलेली आहे. एसडी४०-२ च्या कवचावर रिओ ग्रँडेचा रंग चढवून कोणी ते टनेल मोटर म्हणून विकत असेल, तर ती जाळी शोधावी.

बोगीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, कारण ती काळी असते आणि सावलीत असते. या वर्गाची नेहमीची बोगी ‘एचटी-सी’ नावाची आहे. परंतु अ‍ॅमट्रॅकची एसडीपी४०एफ ही प्रवासी इंजिने सत्तरच्या दशकात रुळांवरून घसरू लागली, तेव्हा या बोगीवर संशय घेतला गेला आणि कॉनरेल या रेल्वे कंपनीने आपल्या काही एसडी४०-२ इंजिनांना आधीची ‘फ्लेक्सिकॉइल’ बोगी लावून घेतली. कॉनरेलचे मॉडेल घेणाऱ्याने म्हणूनच क्रमांक आणि बोगी यांची जोडी जुळते का, ते छायाचित्रात पाहावे.

आता आपल्या हिरव्या इंजिनाचे साल. समोर खाली, पायऱ्यांच्या वरच्या बाजूला दोन जादा दिवे आहेत का, ते बघा. त्यांना डिच लाइट म्हणतात. अमेरिकेत सार्वजनिक फाटकांवरून वेगाने जाणाऱ्या इंजिनांना असे साहाय्यक दिवे ३१ डिसेंबर १९९७ पर्यंत बसवणे नियमाने बंधनकारक झाले. बर्लिंग्टन नॉर्दर्नचे १९९५ मध्ये सांता फे या रेल्वे कंपनीशी एकत्रीकरण झाले, तरी हिरवी इंजिने पुढे कित्येक वर्षे तशीच धावत होती. त्यामुळे हिरव्या रंगावर डिच लाइट असणे ही चूक नव्हे, ते फक्त उशिराचे साल आहे. याउलट चौकटीवर रंगीत आडव्या पट्ट्यांची छोटी पाटी असेल, तर ती १९६७ पासून लावल्या गेलेल्या आणि १९७७ च्या सुमारास सोडून दिलेल्या स्वयंचलित ओळख-योजनेची आहे. पाटी कोरी करकरीत आणि शेजारी डिच लाइट, असे दोन्ही एकाच मॉडेलवर असेल तर कारखानदाराने दोन दशके एकत्र केली आहेत. मॉडेल चांगले असेल तर मी अशा वेळी पाटी खरवडून काढीन आणि दिवे ठेवीन. दिवे काढले की भोके उरतात.

प्रश्न : मी डब्ल्यूडीएम-२ चे कवच थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतले असून ते एचओच्या तयार अमेरिकी सांगाड्यावर बसवणार आहे. माझे मित्र म्हणतात की १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचे कोणतेही मॉडेल मुळातच चुकीचे. हे खरे आहे का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : गणित मित्रांच्या बाजूचे आहे. एचओचे १६.५ मिलिमीटर हे १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला ८७ ने भागून आलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे त्याच प्रमाणात रूळ सुमारे १९.२ मिलिमीटर हवेत. आपले इंजिन पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभे राहणार आणि नेमके समोरून पाहताना ते जाणवणार. रूळ तेच ठेवून इंजिन त्यांना शोभेल असे करायचे, तर प्रमाण १:१०१.६ घ्यावे लागते. मग बाजारातली एचओची माणसे, स्थानके आणि वाघिणी त्याच्याशेजारी अवाढव्य दिसतात. स्वतः रूळ अंथरून १९.२ मिलिमीटरची मार्गिका करणारे हौशी असतात, पण त्यांना प्रत्येक अ‍ॅक्सल, प्रत्येक सांधा हाताने करावा लागतो.

माझे मत असे की काचेच्या कपाटात ठेवायच्या एका मॉडेलसाठी हा खटाटोप जरूर करावा, कारण तिथे फूटभर रूळ पुरतो. चालवायच्या मॉडेलसाठी मात्र १६.५ स्वीकारावे आणि राहिलेली ताकद अशा गोष्टींवर खर्च करावी, ज्या बाजूने दिसतात. त्यात पहिली बोगी. डब्ल्यूडीएम-२ हे मूळ अमेरिकेतल्या अल्को कंपनीचे डीएल५६०सी, २,६०० अश्वशक्तीचे. १९६२ मध्ये पहिली इंजिने तिकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. त्याच्या ‘ट्रायमाउंट’ बोगीतले तीन अ‍ॅक्सल समान अंतरावर नाहीत. मधला अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला असतो. आपण आणलेला सांगाडा इलेक्ट्रो-मोटिव्ह इंजिनाचा असेल, तर ही असमानता त्यात मिळणार नाही आणि कवच कितीही सुबक असले तरी जाणकाराला इंजिन परके वाटेल. अल्कोच्याच आरएसडी मालिकेतल्या सहा अ‍ॅक्सलच्या इंजिनाचा सांगाडा मिळवावा. त्याची चाके ४० इंचांची, आपली १,०९२ मिलिमीटरची म्हणजे ४३ इंचांची. पण १:८७ मध्ये हा फरक मिलिमीटरहून कमी राहतो, तो मी सोडून देईन. बफरसकट लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे १९७ मिलिमीटर आली पाहिजे, एवढे मात्र प्रिंट काढण्याआधी फाइलमध्ये मोजून घ्यावे.

प्रश्न : ‘डब्ल्यूडीजी-४, भारतीय रेल्वे’ म्हणून विकले जाणारे एक मॉडेल मी पाहिले. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ते अमेरिकी एसडी७०एमएसीच आहे, कारण दोन्हींचा कारखानदार एक. घ्यावे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. नाते खरे आहे. डब्ल्यूडीजी-४ म्हणजे जनरल मोटर्सचे जीटी४६एमएसी, ४,००० अश्वशक्तीचे. त्यातले १२००१ क्रमांकाचे पहिले इंजिन १९९९ मध्ये आले, आणि दोन्हींत ७१० मालिकेचे सोळा सिलिंडरचेच इंजिन आहे. परंतु अमेरिकी इंजिनाची केबिन रुंद नाकामागे, अगदी पुढच्या टोकाला असते, तर आपल्या मूळ डब्ल्यूडीजी-४ ला केबिनच्या पुढेही आखूड पण उंच हूड आहे. हुबळीच्या शेडची, म्हणजे देखभाल-आगाराची, इंजिने ज्याने कोणी पाहिली आहेत, त्याला हे लांबूनही कळेल. नुसत्या रंगाने केबिन मागे सरकत नाही.

प्रश्न : लहानपणी मिरजेला पाहिलेल्या मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनाचे मॉडेल करून घ्यायचे आहे. जुनी दोन छायाचित्रे आहेत, पण साल आठवत नाही. ते कसे ठरवावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इंजिन स्वतःच बरेच सांगते. हा वर्ग १९९५ मध्ये डब्ल्यूडीजी-२ या नावाने आला. पुढे अश्वशक्ती नावातून कळावी म्हणून तो डब्ल्यूडीजी-३ए झाला. तीन म्हणजे ३,००० आणि ‘ए’ म्हणजे वरचे १००. तेव्हा छायाचित्रात जुने नाव असेल तर काळ सुरुवातीचा. त्यानंतर भिंगाने शेडचे नाव वाचावे. ते पुणे आहे की दुसरे, यावर रंगसंगती अवलंबून असते, कारण प्रत्येक शेडचे रंग आपापले असतात आणि इंजिनाची बदली झाली की पुढच्या रंगकामात तेही बदलतात. इंजिनाच्या अंगावर शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची, म्हणजे ‘पीओएच’ची तारीख रंगवलेली असते. ती वाचता आली, तर छायाचित्र त्या तारखेनंतरचे आणि पुढच्या पीओएचपूर्वीचे, असा कालावधी हाती येतो. कारखान्याच्या पाटीवर ‘बनारस’ नाव असेल, तर ते २०२० च्या ऑक्टोबरात झालेल्या नामांतरानंतरचे, म्हणजे आपल्या बालपणाशी जुळणारे नव्हे.

दोन छायाचित्रे एकाच बाजूची असतील तर दुसरी बाजू अंदाजाने करू नये. हूडची दारे आणि जाळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. भारतीय रेल्वेप्रेमींच्या ‘आयआरएफसीए’ या संघटनेच्या छायाचित्रसंग्रहात त्याच क्रमांकाचे, निदान त्याच तुकडीतले इंजिन शोधावे. छपरासाठी स्थानकावरचा पादचारी पूल ही सर्वोत्तम जागा. शेडमध्ये जायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न : परदेशातून जुने मॉडेल मागवताना काय सांभाळावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एक, चालते का ते पाहावे. काही जुन्या मॉडेलांत अ‍ॅक्सलवरचे प्लॅस्टिकचे दातेरी चाक कालांतराने आकसून तडकते. तडकलेल्या जागी दोन दातांमधले अंतर वाढते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला इंजिन अडखळते. एचओच्या ४० इंची चाकांवर हा झटका सुमारे दर ३.७ सेंटिमीटरला बसतो. विक्रेत्याकडून अगदी मंद गतीचा व्हिडिओ मागवावा. वेगात पळताना हा दोष ऐकू येत नाही. दुरुस्ती अवघड नसते, पण किंमत ठरवताना ती धरावी.

दोन, सीमाशुल्क. लहान मापाची मॉडेल्स खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतात, आणि त्यावरचे मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले गेले. त्यानंतरही दर बदलले आहेत, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर पाहावा आणि टपालखर्च धरूनच तो मोजावा.

तीन, जुन्या खोक्यातला फोम. तो कोकणच्या दमट हवेत चिकट होऊन रंगाला धरतो. मॉडेल हाती आल्या दिवशीच तो काढून टाकावा, इंजिन आम्लरहित पातळ कागदात गुंडाळावे आणि खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. खोके मात्र फेकू नये. त्यावरचा उत्पादन-क्रमांकच पुढे कवच, बोगीची बाजू वा तो दातेरी भाग मागवताना उपयोगी पडतो.