शिराळी कडू निघाली म्हणून घोसाळं उपटू नका

ताई, एकाच मांडवावर शिराळी आणि घोसाळी चढवली, यंदा शिराळी कडू निघाली आणि आता सगळे घोसाळं काढून टाका म्हणताहेत, हे तुमचं वाचून राहवलं नाही. राजापूरकडे आमच्या परसात हेच झालं होतं. लागवडीचं, खताचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडते.

आमच्या वेळी एका कार्यालयात विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी टेबलाच्या काचेखालचा, बियाण्यासाठी दोन वेलांत किती अंतर हवं त्याचा तक्ता दाखवला, संकर झालाय म्हणाले, एक वेल ठेवा, दुसरा काढा. वेल बघायला कोणी आलं नाही. फूल किती वाजता उमलतं, हेही कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी वर्षानुवर्षं राखलेलं घोसाळं बियाण्याची फळं वाळायच्या आधीच उपटावं लागलं. तसं बी पुन्हा कुठे मिळालं नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात शिराळी होती तेवढीच कडू! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्याला वेलाचं वेळापत्रक माहीत नाही त्याने वेल उपटायला सांगू नये.

तुम्ही स्वतः बघा. शिराळ्याचं फिकट पिवळं फूल दिवस कलताना उमलतं, त्यावर पतंग येतात. घोसाळ्याचं गडद पिवळं फूल पहाटे उमलतं आणि सकाळभर त्यावर मधमाश्या आणि भुंगे असतात. मांडव एक, पण फुलायची वेळ वेगळी. ढगाळ दिवशी फुलं जास्त वेळ उघडी राहतात, तेव्हा थोडी सरमिसळ होऊ शकते. पण तिथे दुसरा अडसर आहे. हाताने परागीभवन करून या दोघांचा संकर करता येतो, वेलही येतो, पण त्याचे बरेच परागकण वांझ असतात. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये जातीची व्याख्याच अशी केली की निसर्गात ज्यांचा आपसात संकर होतो आणि इतरांशी होत नाही, ती एक जात; म्हणून शिराळं आणि घोसाळं या दोन वेगळ्या जाती. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळीच उमलतं, तरी शिराळ्याशी त्याचं जुळत नाही. तिथे वेळेचा प्रश्नच नाही, नातंच लांबचं.

मग कडूपणा आला कुठून? तुमच्या वईवर (कुंपणावर), गडग्यावर बघा. आखूड, शिरा असलेली छोटी फळं धरणारी रानटी कडू शिराळी सापडेल. ती शिराळ्याचीच जात, फुलायची वेळ तीच, पतंगही तेच. दोघींमध्ये अडसर कसलाच नाही. आणखी एक गोष्ट: फळाचा गर आईवेलाचा असतो, त्यामुळे यंदाचे पराग यंदाचं फळ कडू करत नाहीत. गेल्या वर्षी तिचे पराग लागले असतील तर ते बियांत उतरले, आणि आज वेलावर दिसताहेत.

म्हणून रानटी वेल फुलायच्या आधी काढा. शेजारच्या आवारातली काढता येणार नाही, तेव्हा बियाण्यासाठी हाताने परागीभवन करा. संध्याकाळी उमलणारी मादीकळी (मागे बारीक शिराळं असतं ती) आणि नरकळी दुपारीच दोऱ्याने हलकेच बांधा. दिवस कलला की सोडा, नराचे पराग मादीवर टेकवा आणि मादीफूल पुन्हा बांधा. आपल्या पावसात कागदी पिशवी टिकत नाही, मलमलचा तुकडा बरा. देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा. हे सगळं करण्याआधी त्याच वेलाचं एक कोवळं फळ कापून जिभेच्या टोकाला लावा आणि थुंका. कडू लागलं तर त्या वेलाचं बी धरू नका. आणि कडू फळ तिखटमीठ घालून, शिजवून कोणालाही वाढू नका, त्याने उलट्या-जुलाब होतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, परसातल्या अनुभवाचं सांगते. पाण्याची ओढ बसली तरी काही फळं कडवटतात, तेही तपासा. प्रमाणित बियाणं म्हणून बी विकायचं असेल तर ठरवून दिलेलं अंतर पाळावंच लागतं, तिथे माझा सल्ला चालायचा नाही. घरापुरतं असेल तर दोन्ही वेल खुशाल राहू द्या. बी निवडताना घोळ होणार नाही: शिराळ्याचं बी खडबडीत, घोसाळ्याचं गुळगुळीत आणि कडेला पातळ पापुद्रा असलेलं.