ऑफिसने व्हर्च्युअल डेस्कटॉप दिलाय, सांगलीतून घरून काम आहे, सुरुवात कशी करू?

आधी एक समजून घ्या, तुमचा लॅपटॉप इथं फक्त काच आहे, खरा कॉम्प्युटर तिकडं डेटा सेंटरमधे चालतो आणि तुमच्याकडं नुसतं स्क्रीनचं चित्र येतं. त्यामुळं जुना लॅपटॉप पण चालतो, पण नेट मात्र स्थिर पाहिजे, स्पीडपेक्षा लॅग (क्लिक केल्यावर स्क्रीनवर दिसायला लागणारा उशीर) कमी असणं महत्त्वाचं, म्हणून वायफायपेक्षा राऊटरला सरळ केबल लावा.

आयटीवाल्यांकडून तीन गोष्टी मागून घ्या: कोणतं ॲप टाकायचं (मायक्रोसॉफ्टचं असेल तर आता त्याचं नाव विंडोज ॲप आहे, २०२४ मधे बदललं), लॉगिन, आणि मोबाईलवर ऑथेंटिकेटर (लॉगिन करणारे तुम्हीच आहात याची खात्री करणारं ॲप) सेट करून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडो बंद करणं म्हणजे साइन आउट नाही. मी विश्रामबागला राहतो, परवा दुपारी लाईट गेली, राऊटर बंद, वीस मिनिटांनी परत लॉगिन केलं तर एक्सेल जिथं सोडलं होतं तिथंच, कर्सर पण त्याच सेलमधे! पण हे सेशन, म्हणजे तिकडं उघडं राहिलेलं काम, किती वेळ ठेवायचं ते ऑफिस ठरवतं, त्यामुळं सेव्ह करत रहा, आणि ते पण वनड्राईव्ह किंवा ऑफिसच्या शेअर्ड ड्राईव्हवरच. काही ठिकाणी साइन आउट केलं की मशीन कोरं होतं, सी ड्राईव्हवर ठेवलेलं सगळं जातं, माझ्या मैत्रिणीचं महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट असंच गेलं, फार वाईट वाटलं.

आणि हो, कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबलं तर तुमच्याच लॅपटॉपला लागतं, विंडोजच्या रिमोट सेशनमधे कंट्रोल ऑल्ट एंड दाबायचं.