सोलर फिटिंगचं काम फौंड्रीपेक्षा तब्येतीला खरंच बरं असतं का?

भावा, तू विचारलंयस की आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय, कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) चान्स आहे, एक सोलरवाला पण बोलवतोय, आणि घरचे म्हणतात फौंड्रीत छाती जाते, सोलर म्हणजे ग्रीन जॉब, तिकडं जा. मी दोन्ही केलंय, चार वर्षं फौंड्री आणि आता सहावं वर्ष सोलर, म्हणून लिहितोय.

घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला लावलं तर वाळूची बारीक धूळ छातीत जाते, त्यातल्या सिलिकानं सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो एकदा झाला की बरा होत नाही. पण उष्णतेतनं सुटका होईल असं वाटत असेल तर विसर. फर्नेसपुढं मी पण भाजून निघालोय, पण तिथं डोक्यावर छप्पर होतं, पंखा होता, कँटीनचं ताक मिळायचं आणि लयच झालं तर बाहेर येऊन वारा खायचो. गच्चीवर बाहेर कुठं जाणार, बाहेरच तर भट्टी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पॅनेल 60 डिग्रीच्या पुढं तापतं, 540 वॅटचं एक पॅनेल 28 किलोच्या आसपास भरतं आणि ते दोघांनी धरून जिन्यानं नाहीतर शिडीवरनं वर न्यायचं. आणि ऊन आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, रात्री पण घर गार होत नाही, झोप नीट होत नाही आणि सकाळी तसाच आंबलेला माणूस परत शिडी चढतो.

खरी गोम मजुरीत आहे. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी रेट किती किलोवॅटची पॅनेल बसवली त्यावर ठरतो, दिवसावर नाही. म्हणजे सावलीत बसलेला तास आपल्याच खिशातनं जातो. 2024 ला घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, तेव्हापासनं तर कामाला कमी नाही, मग बारा ते तीन थांबा म्हणणार कोण? मी पण थांबत नव्हतो. वर पाणी पिलं की लघवीला खाली उतरायला लागतं, लोकांच्या घरात बाथरूम मागायला कसंतरी वाटतं, म्हणून पाणीच कमी प्यायचो. दुसऱ्या मे महिन्यात मुतखडा. काय दुखतं ते सांगत नाही, ज्याला झालाय त्याला माहीत आहे 😅 डॉक्टरांनी एकच विचारलं, लघवी चहासारखी होते का? मी म्हटलं रोजच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2024 चा रिपोर्ट आहे, त्यात कामाच्या जागेवरच्या उष्णतेमुळं किडनीचा जुना आजार घेऊन जगणारी माणसं 2 कोटी 62 लाख धरलीत. तिकडं मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्या तरण्या पोरांच्या किडन्या गेल्या तेव्हा उपाय काय केला, तर पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती. एवढंच, पण ते मालकानं द्यायला लागतं.

तू नवीन आहेस म्हणून हे नीट वाच. उन्हाचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या आठवड्यात असतो, कारण अंगाला सवय झालेली नसते. नियम असा सांगतात की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात कामाचा पाचवा हिस्साच द्यायचा आणि मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. इथं उलटं चालतं, नवा पोरगा म्हणजे पॅनेल उचलायला 😑 बरोबरचा कोण झोकांड्या खायला लागला, विचारलं एक आणि सांगतोय भलतंच, तर तो उष्माघात समज, लिंबू सरबत पाजत बसू नको. सावलीत घे, अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि 108 ला फोन लाव.

करंट तुला शिकवलाय पण तो बहुतेक एसीचा, म्हणजे घरातल्या लाइनचा; पॅनेलमधनं येतो तो डीसी, बॅटरीसारखा. पॅनेलला बटण नसतं, उजेड पडला की ते चालू. एकेक पॅनेल 50 व्होल्टच्या आसपास, दहा सिरीजमध्ये लावली की 500 व्होल्ट डीसी. चालू लोडवर कनेक्टर ओढलास तर जाळ धरतो आणि विझत नाही, कारण एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, डीसी येतच नाही. पुरात बुडालेल्या शेतातल्या सौर पंपाला तर दिवसा हातच लावायचा नाही. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 43), 2021 ला परत तेच, त्यामुळं हे काम इथं नेहमीचंच धर. आणि पूर ओसरल्यावर चिखलात उतरायचं असेल तर पायाला जखम आहे का बघ, गमबूट घाल आणि लेप्टोची (घाण पाण्यातनं होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) गोळी आरोग्य केंद्रात विचारून घे.

पडण्याचं राहिलं. स्लॅबवर ठीक आहे, पण जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे दिसायला दणकट आणि पाय पडला की खल्लास. आमचा एक पोरगा उजेडासाठी घातलेल्या फायबरच्या पत्र्यातनं खाली गेला, नशीब खाली पोत्यांची थप्पी होती. सेफ्टी बेल्ट होता, पण गाडीत. वळवाचं वारं सुटलं की हातातलं पॅनेल शिडासारखं ओढतं, तेव्हा काम थांबवायचंच, कोण काय बोलू दे.

मग फौंड्री का सोलर? फौंड्रीत मला ईएसआयचं (सरकारी कामगार विमा) कार्ड होतं, मुतखडा तेव्हा झाला असता तर खिशाला कळलंही नसतं. सोलरवाला पाच-सहा माणसांवर धंदा करतो, ईएसआय साधारण दहा किंवा जास्त माणसं असली की लागू होतो, म्हणजे दवाखाना आपला आपण. मी तरी सोलरच सांगेन, पुढं काम आहे आणि धूळ नाही. फक्त जायच्या आधी त्याला विचार: मजुरी दिवसावर का किलोवॅटवर, अपघात विमा माझ्या नावानं आहे का, आणि बेल्ट-दोर दाखव. दाखवताना गाडीत शोधायला लागला तर दुसरा बघ. उन्हाळ्यात सहाला चालू करून अकराला बंद करणारे पण आहेत, मी आता तसल्याकडंच आहे, पैसे थोडे कमी मिळतात.

जुलै-ऑगस्टला कामं जवळजवळ बंद असतात हे पण धरून चाल. त्या दोन महिन्यांत मी घरगुती वायरिंग करतो, आणि मोटर रिवाइंडिंग आलं असतं तर बरं झालं असतं असं दर वर्षी वाटतं.